आधी भावाच्या गोळीचं नाव शोधा

कळव्याच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. चार पानी आहे, म्हणून कामापुरतं देते.

"डॉक्टर, माझी आई ६९ वर्षांची. पाच महिने झाले, तिच्या डाव्या गालात वीज चमकल्यासारखी कळ येते. चूळ भरली, पंख्याचा वारा लागला, भाकरीचा घास चावला की कळ. दाताचं दुखणं समजून दाढ काढली, कळ तशीच. आता मेंदूच्या डॉक्टरांनी ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, सांगून कार्बामाझेपिन लिहून दिली आहे. गोळ्या आणल्यात, पण पट्टी फोडायचा धीर होत नाही. कारण माझा भाऊ. तो बदलापूरला असतो. २०१६ साली बाइकवरून पडला, डोक्याला मार लागला, तेव्हा फिट येऊ नये म्हणून त्याला गोळी सुरू केली होती. सोळाव्या-सतराव्या दिवशी ताप आला, डोळे लाल झाले, मग ओठ, छाती, पाठ, सगळीकडची कातडी सोलवटून निघाली. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणाले. तेवीस दिवस अ‍ॅडमिट होता. वाचला, पण डोळ्यांत अजूनही दिवसातून सहा वेळा थेंब घालावे लागतात. त्याची फाइल २०१९ च्या पुरात गेली. गोळी कार्बामाझेपिनच होती असं वहिनी म्हणते, त्याला स्वतःला आठवत नाही. आईला ही गोळी द्यायची का? हे आनुवंशिक असतं आणि त्याची रक्ततपासणी असते असं वाचलं, ती आम्ही सगळ्यांनी करायची का? माझे यजमान युरिक अ‍ॅसिडसाठी चार वर्षं अ‍ॅलोप्युरिनॉल घेतात, तिनेही असंच होतं म्हणे, ती बंद करू का? मुलीसाठी स्थळं बघतोय. मामाला असं झालं होतं हे त्यांना सांगावं का? वडील आता नाहीत. आई सारखी एकच विचारते, माझ्याच रक्तातून त्याला गेलं का?"

पट्टी फोडली नाहीत, हे फार बरं केलंत. आता ती फोडूच नका. उद्या सकाळी मेंदूच्या डॉक्टरांना फोन करा आणि एवढंच सांगा: "पेशंटच्या सख्ख्या मुलाला फिटच्या गोळीने स्टीव्हन्स-जॉन्सन झाला होता." बहुतेक त्यांना हे माहीतच नसणार. ओपीडीत आपण विचारतो, "तुम्हाला कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी?" आईंनी खरं तेच सांगितलं असेल, "नाही." मुलाला काय झालं होतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनाही ते सांगायचं सुचलं नाही. मी नौपाड्यात त्वचारोगाची प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा पहिली पंधरा-एक वर्षं हा प्रश्न विचारत नव्हते. त्यामुळे डॉक्टरांवर रागावू नका, नुसतं सांगा.

आणि फोनवर, किंवा औषधाच्या दुकानात, कुणी "मग तिच्याऐवजी ऑक्सकार्बाझेपिन घ्या" म्हणालं, तर तीही नको. नावावरूनच कळतंय की ती पहिलीची बहीण आहे. दोघींचा साचा एक, आणि धोकाही एकाच जनुकाशी बांधलेला. दुकानात या गोळ्या टेग्रेटॉल, मॅझेटॉल, ऑक्सेटॉल अशा नावांनी मिळतात. म्हणून पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं नाव वाचून थांबू नका. खाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं, ते वाचा. चष्मा लावूनही दिसत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचा. मी तसंच करते.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य. ते रक्ततपासणीचं नाही, "असं वहिनी म्हणते" हे आहे.

वहिनींच्या स्मरणशक्तीवर माझा आक्षेप नाही. पण डोक्याला मार लागल्यावर फिट येऊ नये म्हणून जे औषध सर्रास दिलं जातं, ते फेनिटॉइन. कार्बामाझेपिनही देतात, नाही असं नाही. पण 'अपघातानंतरची फिटची गोळी' म्हटलं की माझ्या मनात आधी फेनिटॉइन येतं. या दोन्ही गोळ्यांनी स्टीव्हन्स-जॉन्सन होऊ शकतो, मात्र दोघींमागची आनुवंशिक गोष्ट सारखी नाही. शिवाय त्याच पंधरवड्यात भावाला एखादं अँटिबायोटिक, एखादी दुखण्याची गोळीही चालू असणार. सल्फाची औषधं आणि पायरॉक्सिकॅम, मेलॉक्सिकॅमसारख्या वेदनाशामक गोळ्या यांनीही हा आजार होतो. नाव नक्की झाल्याशिवाय तुम्ही कुठलीही तपासणी केलीत, तर ती अंधारात मारलेली काठी.

फाइल पुरात गेली म्हणजे सगळं गेलं असं नाही. भाऊ गेली इतकी वर्षं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातोय ना? तिथला पहिला केसपेपर काढायला सांगा. डोळ्याचे डॉक्टर पहिल्या भेटीत 'एसजेएस' (म्हणजे स्टीव्हन्स-जॉन्सन) लिहून पुढे कंसात औषधाचं नाव बहुधा टाकतात, कारण तेच औषध पुन्हा दिलं जाऊ नये ही धास्ती त्यांनाही असते. दुसरं, मेडिक्लेम घेतला असेल तर विमा कंपनीकडे डिस्चार्ज समरीची प्रत गेलेली असते. तिसरं, ते रुग्णालय. साधे केसपेपर तीन वर्षांपलीकडे ठेवायचं बंधन नाही, पण रस्त्यावरच्या अपघाताची पोलिसांत नोंद झाली असेल तर ते कागद जास्त काळ जपतात. रेकॉर्ड रूमला लेखी अर्ज द्या आणि अर्जावर पोच घ्या. आणि अपघातानंतर पहिल्या दीड-दोन महिन्यांत जी जी औषधं सुरू झाली त्या सगळ्यांची यादी मागा, एकाच गोळीचं नाव नको. हा आजार साधारण औषध सुरू केल्यापासून चार दिवस ते आठ आठवडे या काळात उठतो. संशयित कोण, हे त्या तारखांवरून ठरतं.

नावाला मी एवढी का चिकटून बसले आहे, तेही सांगते.

१९२२ साली अमेरिकेतल्या स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन बालरोगतज्ज्ञांनी असे दोन मुलगे पाहिले आणि त्यावर लिहिलं. पुढची ऐंशी वर्षं आम्ही डॉक्टर याला नशीब म्हणायचो. तीच गोळी हजारोंना चालते, एखाद्याच्या अंगावर अशी उठते. का, तर माहीत नाही. मग २००४ साली तैवानमधल्या संशोधकांनी कार्बामाझेपिनने स्टीव्हन्स-जॉन्सन झालेले ४४ हान चिनी रुग्ण तपासले. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस जणांच्या रक्तात एक विशिष्ट जनुक-प्रकार होता, एचएलए-बी*१५:०२. तीच गोळी घेऊन काहीही न झालेल्या १०१ जणांत तो फक्त तिघांकडे होता. इतकं काळं-पांढरं उत्तर वैद्यकात क्वचितच मिळतं. पुढच्याच वर्षी तिथेच अ‍ॅलोप्युरिनॉलचं गुपित उघडलं: ५१ पैकी ५१ रुग्णांत एचएलए-बी*५८:०१. म्हणजे आजार तोच, गोळी दुसरी, जनुकही दुसरं. एड्सवरच्या अबॅकाविर या औषधाच्या रिअ‍ॅक्शनसाठी आणखी वेगळं, बी*५७:०१. कुष्ठरोगात देतात त्या डॅप्सोनसाठी बी*१३:०१. फेनिटॉइनचं तर निराळंच. तिथे यकृत ते औषध किती वेगाने मोडतं हे ठरवणाऱ्या सीवायपी२सी९ या जनुकाचा एक मंद प्रकार पुढे आला, आणि बी*१५:०२ चा संबंध आहे पण कार्बामाझेपिनइतका घट्ट नाही.

तेव्हा 'औषधाच्या रिअ‍ॅक्शनची टेस्ट' अशी एक टेस्ट नसते. प्रत्येक औषधाची जोडी वेगळी.

हे एचएलए म्हणजे काय, ते आईंना समजेल असं सांगून पाहते. चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे बघून बाहेरून जाणाऱ्याला कळतं ना, या खोलीत लहान मूल आहे, त्या खोलीत पोलीसदादा राहतात? आपल्या अंगातली प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे असेच बाहेर टांगून ठेवते. ज्या काठीवर टांगते ती काठी म्हणजे एचएलए. संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी गस्त घालताना हे 'कपडे' पाहतात, ओळखीचे असले तर पुढे जातात. विषाणू शिरलेल्या पेशीच्या काठीवर अनोळखी कपडा दिसतो, मग ती पेशी मारली जाते. माणसागणिक या काठ्यांचा आकार वेगळा. १५:०२ आकाराच्या काठीत कार्बामाझेपिन नेमकं जाऊन अडकतं आणि रोजचाच कपडा परका दिसू लागतो. गस्तवाल्यांना वाटतं, घरात चोर. मग ते एका खोलीवर थांबत नाहीत, कातडीच्या पेशींची आळीच्या आळी मारत सुटतात. भावाची कातडी पापुद्र्यासारखी सुटली ती अशाच हल्ल्यामुळे. गोळी विषारी नव्हती आणि रक्तही खराब नव्हतं. त्या दोघांची गाठ पडली, एवढंच.

आता भारताचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ च्या डिसेंबरात कार्बामाझेपिनच्या पत्रकात सूचना घातली की आशियाई वंशाच्या लोकांची ही तपासणी करून मगच गोळी सुरू करावी. त्यात दक्षिण आशियाई लोकांत, म्हणजे आपल्यात, हा जनुक-प्रकार सरासरी २ ते ४ टक्के लोकांत, काही समूहांत त्याहून जास्त, असं नमूद आहे. फिलिपीन्स, थायलंड, मलेशियात काही ठिकाणी तो १५ टक्क्यांच्या वर आहे. जपान-कोरियात एक टक्काही नाही. आपल्याकडे २००९ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कार्बामाझेपिनने स्टीव्हन्स-जॉन्सन झालेल्या आठ भारतीय रुग्णांपैकी सहा जणांत १५:०२ सापडलं. आठ हा आकडा लहान आहे, मान्य. पण उरलेल्या दोघांकडे बघा. त्यांच्यात १५:०२ नव्हतं, तरी त्यांना आजार झाला. तैवानमध्ये 'निगेटिव्ह' म्हणजे जवळजवळ निर्धास्त. आपल्याकडे त्याचा अर्थ तेवढा भक्कम नाही. शिवाय २०११ मध्ये युरोपीय आणि जपानी लोकांत कार्बामाझेपिनसाठी आणखी एक जनुक-प्रकार सापडला, ए*३१:०१. नुसतं १५:०२ तपासलं तर तो त्यात दिसत नाही.

म्हणून तुमच्या 'सगळ्यांनी करायची का' या प्रश्नाला माझं उत्तर असं: आधी भावाची करा, फक्त भावाची. त्याला आता कुठली गोळी घ्यायची नाहीये, मग त्याची कशाला, असं घरात कुणीतरी म्हणेलच. पण किल्ली त्याच्याकडे आहे. गोळी कार्बामाझेपिन होती असं कागदावर सापडलं आणि भावाच्या रक्तात १५:०२ निघालं, तर तुमच्या घरात काय चालत आलंय ते कळलं. मग आईंची आणि तुमची तपासणी अर्थपूर्ण होते. आपल्या प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. भावाकडे १५:०२ ची एक प्रत असेल तर ती दोघांपैकी एकाकडून आली. आईंकडून आली असण्याची शक्यता साधारण निम्मी, आणि तुमच्याकडेही ती असण्याची शक्यता तेवढीच. आईंच्या रक्तात नसेल, तर वडिलांकडून आली असं धरायचं.

आणि भावाच्याच रक्तात ते नसेल तर? मग आईंचा 'निगेटिव्ह' अहवाल हातात घेऊन निश्चिंत होता येणार नाही, कारण तुमच्या घरात ज्याच्यामुळे झालं ते या तपासणीत दिसतच नाही. हे उलट-सुलट दोनदा वाचा. सगळ्यांनी रांगेत उभं राहून रक्त देण्याआधी कळायला हवं ते हेच.

तपासणी साधी आहे, रक्ताची एक नळी. मोठ्या लॅब ठाण्यात रक्त घेऊन आपल्या मुख्य प्रयोगशाळेत पाठवतात, अहवालाला काही दिवस लागतात, खर्च साध्या रक्ततपासणीपेक्षा बराच जास्त. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहून घ्या: 'एचएलए-बी पंधरा-शून्य-दोन, कार्बामाझेपिनसाठी'. नुसतं 'एचएलए-बी' लिहिलं तर काउंटरवर ते एचएलए-बी२७ समजतात. ती कंबर आखडण्याच्या आजाराची तपासणी, रोज होते म्हणून सगळ्यांच्या तोंडी बसलेली. माझ्याकडे एक गृहस्थ असे पैसे भरून, आठवडाभर थांबून बी२७ चा अहवाल घेऊन आले होते. "निगेटिव्ह आहे मॅडम, आता गोळी चालू करू ना?" त्यांच्या चेहऱ्यावरची सुटका बघून मला पुढचं बोलवेना.

समजा, तुमच्या रक्तात १५:०२ निघालं. घाबरायचं किती? हा जनुक-प्रकार असलेल्या माणसाने कार्बामाझेपिन घेतली तरी दहातल्या नऊपेक्षा जास्त जणांना काही होत नाही. तैवानमध्ये रिअ‍ॅक्शन न आलेले ते तिघे आठवा. आणि गोळी घेतलीच नाही तर या जनुकाचा त्रास शून्य. मधुमेहासारखं ते आतून काही कुरतडत नसतं. म्हणून त्याला आजार म्हणू नका. फार तर 'या गोळीशी आपलं जमत नाही' एवढी एक नोंद. तैवानमध्ये नंतर ४८७७ लोकांची गोळी सुरू करण्याआधीच तपासणी केली. त्यात ७.७ टक्के लोकांत १५:०२ निघालं, त्यांना दुसरं औषध दिलं, बाकीच्यांना कार्बामाझेपिन. सगळ्यांवर दोन महिने लक्ष ठेवलं. स्टीव्हन्स-जॉन्सन एकालाही झाला नाही. आधीच्या अनुभवावरून दहा-एक जणांना व्हायला हवा होता. २०११ चं हे काम. पत्र्याच्या डब्यासारख्या ओपीडीत बसून मी ते वाचलं आणि एक मुलगी आठवली.

ती माझी पेशंट नव्हती, माझ्याकडे फार उशिरा आली. पावसाळ्याचे दिवस, कोळीवाड्यातली पोर, विशीतली. डोकं दुखतं म्हणून कुणीतरी कार्बामाझेपिन दिलेली. बाराव्या दिवशी ताप. पावसाळ्यात ठाण्यात ताप म्हणजे डेंग्यू, अंगावर पुरळ दिसलं म्हणजे तर नक्कीच डेंग्यू. डोळे लाल झाले तर डोळ्यांची साथ होतीच. तोंड आलं तर उष्णता, आजीने सब्जा भिजवून दिला. प्रत्येक लक्षणाला घरात एकेक कारण तयार होतं, आणि ती गोळी मात्र रोज नेमाने, जेवणानंतर, दिली जात होती. चार दिवस. माझ्यासमोर बसली तेव्हा तिला पाणी गिळवत नव्हतं आणि ओढणीचा काठ जिथे घासत होता तिथली मानेवरची कातडी सरकली होती. मी तिला लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवलं. ती वाचली. पण त्या चार दिवसांच्या गोळ्या मला आजही खटकतात.

तेव्हा तपासणी करा किंवा करू नका, ही ओळख मात्र घरातल्या सगळ्यांना हवी. कुठलंही नवं औषध सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत ताप आणि त्याच्या जोडीला डोळ्यांची आग, तोंड किंवा ओठ सोलवटणं, लघवीला जळजळ, यांतलं काही दिसलं की संशय घ्यायचा. आणखी एक खूण: कातडी खाजण्यापेक्षा दुखते. साधं पित्त उठतं ते खाजतं. यात अंगाला हात लावला तरी दुखतं, चादर नकोशी होते, मग तांबूस-जांभळे डाग, त्यावर फोड. अशा वेळी ती गोळी त्याच क्षणी थांबवायची आणि तासाभरात डॉक्टर गाठायचे. फिटची गोळी अचानक बंद करू नये हे खरं, पण इथे तो नियम मोडायचा, आणि फिटसाठी दुसरं काय द्यायचं ते रुग्णालयात डॉक्टर ठरवतील. जायचं तेही आयसीयू किंवा भाजलेल्यांचा वॉर्ड असलेल्या रुग्णालयात, कारण ही जखम भाजल्यासारखीच सांभाळावी लागते. आपला पंजा बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. दहा पंजांपेक्षा कमी कातडी सुटली तर स्टीव्हन्स-जॉन्सन, त्यात शंभरात पाच ते दहा जण दगावतात. तीस पंजांच्या वर गेली तर त्याला टीईएन म्हणतात, आणि त्यात तिघांतला एक जातो. औषध किती लवकर थांबलं यावर पुष्कळ काही ठरतं.

भावासाठी एक काम. पाकिटात, आधार कार्डाच्या मागे, एक कार्ड ठेवायला सांगा. वर मोठ्या अक्षरात 'स्टीव्हन्स-जॉन्सन झाला होता, २०१६', खाली संशयित औषधाचं नाव, आणि त्याखाली: कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन, लॅमोट्रिजिन, यांतलं काहीही मेंदूच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. दाताच्या डॉक्टरांनाही ते दाखवायचं. फिटवरच्या बिननावाच्या 'जडीबुटीच्या' पुड्या तर अजिबात नकोत. अशा पुड्यांत फिनोबार्बिटोन किंवा फेनिटॉइन मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. आणि त्याची नोंद सरकारदरबारी झाली नसेल तर अजून करता येईल. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतः कळवू शकतो, डॉक्टरच हवा असं नाही.

यजमानांचं लवकर उरकते. त्यांचं आणि तुमच्या भावाचं रक्ताचं नातं नाही, आणि गोळीही वेगळी. अ‍ॅलोप्युरिनॉलची ही रिअ‍ॅक्शन येते ती बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांत, मूत्रपिंड कमजोर असताना किंवा सुरुवातच मोठ्या डोसने केली तर जास्त. चार वर्षं सुखाने चाललेली गोळी माझ्या सदराच्या भीतीने बंद करू नका. अंगठा सुजला तर ते मला बोल लावतील.

मुलीच्या स्थळाकडे सांगायचं का? मला विचाराल तर मामाची फाइल पत्रिकेबरोबर जोडायची गरज नाही. हा वंशाचा रोग नाही. ज्यांना सांगायलाच हवं ते वेगळेच आहेत: मुलगी स्वतः आणि तिचा डॉक्टर. भावाच्या रक्तात १५:०२ निघालं, पुढे तुमच्याही निघालं, तर मुलीची एकदा तपासणी करून कागद तिच्या हाती द्या. लग्न झाल्यावर तिने तो नवऱ्याला दाखवावा, कारण रात्री-अपरात्री दवाखान्यात तोच नेणार आहे. यात लपवण्यासारखं काही नाही, पण कांदेपोह्यांच्या बशीबरोबर मांडायचं असंही काही नाही. कुणी 'रक्तात दोष आहे का' असं विचारलंच, तर त्यांच्या घरात किती जणांनी आपलं एचएलए तपासलंय ते विचारा. शंभर घरांत कुठे ना कुठे एखादी अशी काठी असतेच, गोळीशी गाठ पडलेली नसते म्हणून कळत नाही.

आईंना माझं नाव घेऊन सांगा की त्यांच्याकडून गेलं असेल किंवा नसेलही, आणि गेलं असेल तर डोळ्यांचा रंग जातो तसं गेलं. त्यांनी मुलाला एक काठी दिली, गोळी त्यांनी दिली नव्हती. त्यांच्या आईकडून किंवा वडिलांकडून त्यांना आलं, त्यांना त्यांच्या आईवडिलांकडून. मागच्या त्या सगळ्यांना कार्बामाझेपिन हे नावही ठाऊक नव्हतं.

राहिली ती कळ, आणि ती खरोखर जीवघेणी असते. तिला कमी लेखून नुसतं 'गोळी घेऊ नका' म्हणणं सोपं आहे. ट्रायजेमिनल न्यूराल्जियात कार्बामाझेपिन हे पहिलं आणि सगळ्यात हमखास औषध आहे, तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच लिहिलं होतं. पण सख्ख्या मुलाचा असा इतिहास असताना, आणि भावाच्या गोळीचं नाव अजून हाती नसताना, माझ्या आईला मी ती दिली नसती, तपासणी निगेटिव्ह आली असती तरीही. बॅक्लोफेन, गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन ही औषधं या आजारात वापरतात आणि या वळणाची नाहीत. त्यांनी झोप आणि चक्कर येते, म्हणून या वयात डोस हळूहळू वाढवावा लागतो, रात्री बाथरूमला जाताना कुणीतरी सोबत हवं. लॅमोट्रिजिन सुचवलं तर भावाची गोष्ट पुन्हा सांगा, त्यानेही कातडीवर उठतं. औषधांनी भागलं नाही तर शस्त्रक्रिया आहे. त्या नसेवर टेकलेली रक्तवाहिनी बाजूला करून मध्ये छोटी गादी ठेवतात, आणि ६९ हे वय त्यासाठी फार नाही. हे सगळं मेंदूचे डॉक्टर आईंना तपासून ठरवतील, मी पत्रावरून नाही. आणि दुसरी दाढ काढायला कुणी सांगितलं तर काढू देऊ नका.

तोवर आईंना पंख्याचा झोत डाव्या गालावर येणार नाही अशा बाजूने झोपवा. चुळीला कोमट पाणी द्या. रिक्षातून नेताना ओढणी डाव्या कानावरून घ्या. आणि भाकरी सोडायला लावू नका, गरम दुधात कुस्करून द्या आणि उजव्या बाजूने खायला सांगा.